रुखमाबाईचा केर आणि साडेबारा हजार किलोमीटर

जांभळखेडच्या रुखमाबाईनं उकिरड्यातून सोनं काढलं, ही बातमी आशाबाईच्या तोंडून निघाली तेव्हा सोनं दोन तोळ्यांचं होतं. सकाळच्या जीपनं ती बातमी चिखलीला गेली. अंतर अठरा किलोमीटरचं, पण तेवढ्यात सोनं पाच तोळे भरलं. बाजार समितीच्या फाटकापाशी कुणीतरी त्याला तांब्याचा हंडा जोडला, आणि दुपारच्या एसटीनं बातमी देऊळगाव राजाला उतरली तेव्हा हंड्यावर नाग वेटोळं घालून बसला होता. नागाच्या डोक्यावर केस होते, असंही एकजण म्हणाला. पण तो पिणारा, म्हणून लोकांनी त्याचं तेवढं सोडून दिलं.

आशाबाई खोटं बोलणारी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिच्या आणि रुखमाबाईच्या आवारांच्या मध्ये तुराट्यांचं कुंपण आहे आणि त्या कुंपणाला नेमकी आशाबाईच्या डोळ्यांच्या उंचीवर एक फट आहे. फट आपोआप पडली असं आशाबाई म्हणते. मोतीबिंदू काढल्यापासून त्या फटीतून तिला पलीकडच्या म्हशीच्या पापण्या मोजता येतात. तेव्हा तिनं जे पाहिलं ते खरंच पाहिलं. बुधवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या जरा आधी, सत्तावन्न वर्षांची रुखमाबाई पदर खोचून उकिरड्यावर वाकली होती. काहीतरी वेचत होती, सुपात भरत होती आणि घरात नेत होती. एकदा नव्हे, चार खेपा केल्या तिनं.

आता उकिरड्यातून घरात नेण्यासारखी वस्तू ती कोणती? आशाबाईनं जिला जिला हे विचारलं, तिच्या तिच्या तोंडी एकच उत्तर आलं.

रुखमाबाई उभ्या जन्मात शेगावच्या पुढे गेलेली नाही. शेगावलासुद्धा दोनदाच, आणि एकदा तर गर्दी पाहून नवरा निवृत्ती म्हणाला, आता परत कधी आणणार नाही, आणि त्यानं शब्द पाळला. पण कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, हे गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. जळगाव जामोदला पोरगी दिलेली माणसं तिच्या ओट्यावर येऊन विचारतात, "रुखमाबाई, आत्ता निघालं तं कवा पोचन?" आणि ती चिंचा फोडता फोडता मान वर न करता सांगते, "साडेतीन तास. खामगावले चहा घेतला तं चार. संगं तुही सासू असन तं साडेचार, तिले गाडी लागते."

हे ज्ञान तिला आलं ते फड्यामुळे. फडा म्हणजे आपला शिंदीचा झाडू. तिच्या सासूची रीत अशी की घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते मुक्कामी पोचेपर्यंत मागे घर झाडायचं नाही. झाडलं तर त्याची वाटच झाडून टाकल्यासारखी होते. रीत तशी गावात सगळ्यांचीच, पण बाकीच्या घरी ती पातळ होत होत इतकी पातळ झाली, की पाहुणा वळणाआड गेला न गेला तोच बाया फडा उचलतात. रुखमाबाईच्या घरी सासू गेली, रीत राहिली. आणि माणूस पोचलं की नाही हे कळायला पूर्वी फोन कुठले? म्हणून तिनं हिशोब बसवला. चिखली म्हणजे एक वरण शिजून फोडणीला येईपर्यंत. बुलडाणा म्हणजे वरण, भाकरी आणि वर भांडी. देऊळगाव राजा म्हणजे सगळा स्वयंपाक, जेवणं आणि निवृत्तीची दुपारची झोप. पोरगा राजकुमार पुण्याला कामाला लागला तेव्हा पुण्याचा हिशोब बसायला तिला तीन खेपा लागल्या, कारण पुणं रात्रीत येतं आणि रात्री वरण शिजत नाही.

ती इतकी काटेकोर का, याचं खरं कारण मात्र देऊळगाव राजाला राहतं आणि लंगडतं. ते म्हणजे तिचा थोरला भाऊ, माणिकराव. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे छत्तीस वर्षांमागे, तो तिला बालाजीच्या यात्रेसाठी माहेरी न्यायला आला होता. सासूनं पाठवलं नाही. तो बिचारा भल्या पहाटे एका ज्वारीच्या ट्रकवर बसून एकटाच परत निघाला. नवी नवरी ती, रडून रडून डोळे सुजलेले, सासू देवपूजेत. तिनं अंदाज केला, पोचला असेल आता, आणि घर झाडलं. संध्याकाळी निरोप आला की ट्रक वळणावर उलटला, माणिकरावचा उजवा पाय पोत्यांखाली आला.

पाय वाचला, पण आखूड झाला. आणि माणिकरावचा स्वभाव असा, की स्वतःच्या दुखण्यावर तोच पहिला हसणार. बहिणीकडे आला की काठी ओट्याला टेकवायची, पाय लांब करायचा आणि चारचौघांत म्हणायचं, "हा पाय आमच्या रुखमीनं झाडून टाकला हो!" सगळे हसतात. रुखमाबाईही हसते आणि चहा ठेवायला आत जाते. आत गेली की तिला बाहेर यायला जरा वेळ लागतो. चहा उकळायला लागतो त्यापेक्षा जास्त. पण हे कुणी मोजलं नाही, कारण गावात वेळ मोजणारी तीच.

तर या रुखमाबाईची पोरगी पूनम यंदा चैत्रात अमेरिकेला निघाली. जावई शेखर तिकडे न्यूयॉर्कच्या बाजूला वर्षभरापासून नोकरीला. पूनम दोन वर्षांच्या प्रेमला घेऊन त्याच्याकडे जाणार होती, पहिल्यांदाच आणि एकटी. निघायच्या आधी आठ दिवस ती माहेरी राहिली. चिंचेचा हंगाम होता. माय-लेकी ओट्यावर बसून चिंचा फोडायच्या, आणि रुखमाबाईचे प्रश्न चिंचोक्यांसारखे एकामागून एक पडायचे.

"विमान रस्त्यात कुठी थांबते काय?"

"नाई वं आई. सरळच जाते."

"मंग ड्रायव्हरनं जेवायचं कवा?"

"तिथंच जेवतात. आळीपाळीनं."

"अन् खाली पाणी असते म्हणे? समुद्र? मंग रस्ता कोन्या खुणेनं ओळखते तो? झाड नाई, फाटा नाई, मैलाचा दगड नाई."

पूनमला जेवढं येत होतं तेवढं तिनं सांगितलं. शेवटी मंगळवारी, दारात गफ्फारभाईंची जीप उभी, प्रेम भोकाड पसरून रडतोय, निवृत्ती बॅगेच्या साखळीशी झटतोय, अशा गडबडीत रुखमाबाईनं आपला खरा प्रश्न विचारला. तो तिनं आठ दिवस मागे ठेवला होता, कारण तो विचारला की पोरगी जाणार हे पक्कं होतं.

"मुंबईहून किती वाजता निघते अन् तिकडे किती वाजता पोचते?"

पूनमनं तिकिटाचा कागद पाहिला. "उद्या सकाळी अकराले निघते, सव्वापाचले न्यूयॉर्कले उतरते."

"किती दूर हाये म्हन्ली?"

"साडेबारा हजार किलोमीटर."

जीप गेली. धुरळा बसेपर्यंत रुखमाबाई ओट्यावर उभी होती. मग आत आली आणि अकरातून सव्वापाचपर्यंत बोटं मोजली. सव्वासहा तास.

मंगळवारी दुपारी दोनपासून घराला फडा लागला नाही. चिंचेची टरफलं, चिंचेतून ओढलेल्या शिरा, प्रेमनं कुस्करलेली बिस्किटं, पोह्यांचा चुरा, सगळं जागच्या जागी. बुधवारी पहाटे फोन आला की ट्रॅव्हल्स मुंबईला पोचली. निवृत्ती आंघोळ करून आला, ओल्या तळपायाला टरफलं चिकटली, आणि तो देवघरापर्यंत करकर वाजत गेला.

"पोचली ना मुंबईले? मंग झाड ना आता!"

"मुंबई तं थांबा हाये. थांब्यावर पोचलं म्हंजे पोचलं काय?"

"अन् ते न्यूयॉर्कचं कवा?"

"सव्वापाचले."

निवृत्ती पोह्यांची बशी घेऊन बसला. तो शेतकरी माणूस, हिशोबाला हळू पण खोलवर जाणारा. "अकरा ते सव्वापाच. साडेबारा हजार किलोमीटर." त्यानं चमचा थांबवला. "म्हंजे तासाले दोन हजार? आपली एस्टी तेवढ्यात पुण्याले नाई जात वं."

खरं तर इथेच रुखमाबाईच्या मनात काहीतरी टोचलं होतं. आयुष्यभर वेळ मोजणाऱ्या बाईला दोन हजाराचा आकडा गिळायला जड गेला. पण नवऱ्यानं काढलेली शंका बायकोनं लगेच मान्य करायची, असा पायंडा त्या घरात पडलेला नव्हता.

"एस्टी काय अन् विमान काय! तुम्ही पोहे खा."

दिवसभर तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजले तेव्हा तिनं आभाळाकडे पाहिलं. मुंबईचं विमान जांभळखेडवरून कशाला जाईल, पण पाहिलं. बारा वाजता तिनं मनाशी धरलं, दोन हजार किलोमीटर झाले. दोन वाजता सहा हजार. चार वाजता ती आशाबाईकडे ताक मागायला गेली आणि उगाचच म्हणाली, "पूनम आता तिकडच्या अंगाले लागली असन." आशाबाईनं ताक दिलं आणि तिच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली टरफलंही फटीतून पाहून ठेवली.

पेच एकच होता. दिवे लागल्यावर घर झाडायचं नाही, तेव्हा लक्ष्मी यायची वेळ असते. विमान सव्वापाचला टेकणार, सूर्य पावणेसातला बुडणार. मध्ये जेमतेम दीड तास. सव्वापाच झाले. विमानातून उतरायला, प्रेमला कडेवर घ्यायला म्हणून तिनं आपल्या पदरची पंधरा मिनिटं आणखी दिली. साडेपाचला फडा उचलला. बैठक झाडली, स्वयंपाकघर झाडलं, ओटा झाडला, आणि दोन टोपली केर गोठ्यामागच्या उकिरड्यावर नेऊन टाकला. हातपाय धुतले. घर कसं लख्ख झालं. दीड दिवसात पहिल्यांदाच तिनं पाठ भिंतीला टेकली.

सहा वाजता गफ्फारभाई आले. चिखलीची शेवटची फेरी संपवून, जीप दारात लावून, हातात एक एवढासा लाल बूट घेऊन.

"वहिनी, हा घ्या. तुमचा नातू एक बूट माह्या गाडीत ठेवून गेला. एकाच पायानं अमेरिका गाठली पोट्ट्यानं!"

गफ्फारभाई तीस वर्षं त्या रस्त्यावर जीप चालवताहेत. बारा माणसांची जीप, त्यात बावीस बसवतात आणि तेविसावा आला तर म्हणतात, "या, जागाच जागा हाये." रुखमाबाई आणि ते, दोघंही वाटेची माणसं, एक चालवणारा आणि एक मोजणारी. त्यामुळे दोघांचं जमतं.

"बरं झालं आणला," ती म्हणाली. "पोचली पूनम."

"पोचली?" गफ्फारभाईंनी बूट ओट्यावर ठेवला. "फोन आला?"

"फोन नाई. पण सव्वापाचले पोचते ना विमान. आता पाहा, सहा वाजले."

गफ्फारभाई हसले नाहीत. हेच वाईट होतं, कारण ते सहसा हसतात. ओट्याच्या कडेला टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी, मागच्या महिन्यात रमजान होता. आमची घरवाली हुस्नबानो खजूर हातात घेऊन बसायची. इकडे अजान झाली, आम्ही रोजा सोडला, पानी पिलो, भजे खाल्ले. मंग फहीमले फोन लावायचो, रियाधले. तो म्हनायचा, अब्बा, माह्यासमोर भज्याचं नाव नका काढू, माह्या रोजाले अजून दोन तास हायेत. इथं ऊन हाये."

"आपल्या इथं अंधार अन् त्याच्याकडे ऊन?"

"हाव. सूर्य इकडून तिकडे जाते ना. आपल्याले सोडून गेला की मंग त्यायच्याकडे बुडते. रियाध तं जवळ हाये, तरी दोन तासाचा फरक. अमेरिका केवढी दूर."

रुखमाबाई उभी होती ती खाली बसली. चेहऱ्यावर भीती यायच्या आधी तिथे दुसरंच काहीतरी आलं, ते गफ्फारभाईंनी पुढे अनेकांना सांगितलं. म्हणे, बाईचे डोळे मोठे झाले, लहान पोराला पहिल्यांदा घड्याळ समजतं तसे.

"म्हंजे सगळ्यायच्या घरी दिवेलागण एकाच वेळी होत नाई!"

"नाई ना."

"मंग ते सव्वापाच कोनाचे?"

"तिकडचे. तिकिटावर जिथं उतरायचं तिथलं घड्याळ लिहितात. फहीमच्या तिकिटावर पाहिलं ना मी." गफ्फारभाईंनी मोबाईल काढला, बोटानं दोन-चार ठिकाणी दाबलं. "न्यूयॉर्क. तिथं आत्ता सकाळचे साडेआठ वाजले."

"सकाळचे? कोन्या दिवसाचे?"

"आजचेच. बुधवार."

तिनं बोटं मोजली. साडेआठ ते सव्वापाच. पावणेनऊ तास. गफ्फारभाई आपल्या बाजूनं मोजत होते, ड्रायव्हरच्या हिशोबानं. "फहीमचं विमान मुंबईहून रियाधले चार तास घेते, अठ्ठावीसशे किलोमीटर. तुमचं साडेबारा हजार. म्हंजे साडेचार पट. लांबच्या गाडीले मधातले थांबे, उतरनं-चढनं कमी, म्हनून थोडं लवकर. सोळा तास धरा वहिनी. सोळाच्या आत काही विमान अमेरिका दाखवत नाई."

"म्हंजे पूनम आता..."

"आता असन तुर्कीच्या वर. अर्धी वाटबी नाई झाली."

रुखमाबाईनं लख्ख बैठकीकडे पाहिलं. एक टरफल नाही, एक कण नाही. पोरगी नातवाला घेऊन आभाळात, खाली ना झाड ना फाटा, आणि मागे आईनं घर झाडून मोकळं केलेलं. पुन्हा एकदा. छत्तीस वर्षं जपलं आणि पुन्हा एकदा.

"काय झालं वहिनी?" गफ्फारभाई म्हणाले. पण तोवर ती सूप घेऊन गोठ्यामागे गेली होती.

उकिरडा दोन्ही घरांचा मिळून एक. त्यामुळे काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. केर नुसता उचलायचा नव्हता, आपला तेवढा उचलायचा होता. आशाबाईकडे दुपारी कांदे चिरलेले, त्यांची सालं सगळीकडे. ती बाजूला. कोंबडीची पिसं, ती आशाबाईचीच. चिंचेच्या शिरा आपल्या. टरफलं आपली. पूनमची केसांची काळी पिन, आपली. बिस्किटाचा चुरा मुंग्यांनी धरला होता, तोही मुंग्यांसकट सुपात. मांजराच्या आकाराचा एक कागद सापडला, प्रेमनं फाडलेला, आणि तिथं ती क्षणभर थांबली. मग तोही सुपात गेला.

कुंपणाच्या फटीतून आवाज आला.

"काय हारपलं वं, रुखमा?"

"काही नाई."

"काही नाई तं उकिरडा कायले उकरून राह्यली दिवेलागणीले?"

आता खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पोरगी आभाळात असताना मी घर झाडलं, हे आशाबाईला सांगणं म्हणजे अख्ख्या तालुक्याला सांगणं. आणि असली गोष्ट तोंडातून काढली की जड होते, असंही रुखमाबाईला वाटे. तिनं सूप उचललं.

"माह्यंच होतं. ते परत नेऊन राह्यली."

बस्स. ह्या एका वाक्यावर आशाबाईनं दोन तोळे सोनं उभं केलं. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तुम्हीआम्हीही केलंच असतं.

चार खेपांत केर घरात आला. रुखमाबाईनं तो नुसता ओतला नाही, जिथला होता तिथं पसरला. ओट्यावर टरफलं, बैठकीत बिस्किटं, देवघराच्या वाटेवर शिरा. निवृत्ती बैल बांधून आला, दारात उभा राहून पाहिलं, परत मागे सरून घर आपलंच आहे ना याची खात्री केली.

"हे काय चालवलं वं?"

"चपला घालून या आत," ती म्हणाली. "पूनम पोचली नाई अजून."

निवृत्तीनं चपला घातल्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाली की कुठं बोलायचं नाही हे माणसाला कळतं.

दिवा लावला. देवापुढे हात जोडून झाले. आणि मग, केराच्या मधोमध पाटावर बसलेल्या रुखमाबाईला एक प्रश्न पडला, जो तिनं जगभरच्या वाटांबद्दल सगळ्यांना विचारला होता, आणि एकाच वाटेबद्दल कधी विचारला नव्हता. गफ्फारभाईंच्या बोलण्यानं तिचा घड्याळावरचा भाबडा विश्वास हलला होता. आपण धरलेली वेळ आणि खरी वेळ, दोन वेगळ्या असू शकतात. तिनं मोबाईल घेतला आणि देऊळगाव राजाला भावाला लावला.

"बोल वं रुखमे. गेली पूनम?"

"दादा, ट्रक किती वाजता उलटला होता?"

"कोनता ट्रक?"

"तुह्या पायावरचा."

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला. "आज काऊन इचारून राह्यली?"

"तू सांग तं."

"सकाळीच. दर्शनाची रांग लागायच्या आत पोचायचं म्हनून ड्रायव्हर पळवून राह्यला होता. निघून तासभर झाला नसन."

"तासभर? तुले पक्कं याद हाये?"

"याद नसन? मले पोत्यांखालून दूधवाल्यानं काढलं. सायकलीच्या दोन्ही बरण्या रस्त्यावर ठेवल्या त्यानं, एक कलंडली, अर्धं दूध गेलं बिचाऱ्याचं. आता दूधवाला काय दुपारी येते काय? सातबी वाजले नव्हते."

सात. त्या दिवशी सासूची पूजा नऊला सुरू झाली होती. पूजेची घंटा वाजत असताना तिनं फडा उचलला होता. ती घंटा तिला छत्तीस वर्षं ऐकू येत होती. निरोप संध्याकाळी आला म्हणून सगळं दुपारी घडलं असेल, असं तिनं तेव्हाच धरून ठेवलं होतं आणि मग कधी सोडलंच नाही.

"मी नऊले झाडलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"घर. मी नऊले झाडलं. तू सातलेच पडला होता."

माणिकराव आधी हसला, सवयीनं. मग हसू मध्येच थांबलं. त्याला कळलं.

"रुखमे," तो म्हणाला, "मी तं गंमत करून राह्यलो होतो वं. इतके वर्षं. तू एकदाबी काऊन नाई इचारलं?"

"भेव वाटायचं."

"कायचं?"

"तू नऊच्या नंतरची वेळ सांगितली असती तं?"

मग माणिकराव घसा साफ करून, जरा मोठ्या आवाजात म्हणाला, "बरं, झालं. आता तं फेकून दे तो फडा. झाड काय झाडायचं ते, कवाबी."

"पूनम पोचल्यावर," रुखमाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

पहाटे पाचला फोन वाजला तेव्हा ती उठूनच बसलेली होती. निवृत्तीच्या आधी तिनं उचलला.

"आई, पोचलो! आत्ताच गाडीत बसलो. प्रेम झोपला."

"किती वाजले तिथं?"

"साडेसात. संध्याकाळचे. सूर्य आत्ताच बुडून राह्यला."

रुखमाबाईनं खिडकीतून पाहिलं. इकडे उजाडायला तास होता. एकच सूर्य, तिकडे पोरीला सोडून निघाला होता आणि इकडे आईकडे यायचा होता. हे तिला फार आवडलं.

"विमान किती वाजता टेकलं?"

"सव्वापाचलेच, बरोब्बर. पावणेसोळा तास लागले. पाय सुजले माह्ये."

"अन् येतांना?"

"येतांना चौदा-साडेचौदा लागतात."

"काऊन? वाट तं तेवढीच ना?"

"वर हवा जोरात वाहते ना, पश्चिमेकडून. जातांना समोरून येते, येतांना मागून ढकलते."

"असं हाये होय," रुखमाबाई म्हणाली. त्या स्वरात घाट चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या सगळ्या बैलगाड्या होत्या. "बरं, प्रेमचा बूट इथंच हाये. अन् ऐक, घरी गेल्यावर दिवा लागायच्या आत झाडून घेजो."

"आई, अंधार पडला आता!"

"मंग सकाळी झाड. तुमच्या सकाळी."

तिनं फोन निवृत्तीच्या हातात दिला आणि फडा घेतला. चपलांच्या ठशांसकट सगळा केर तिनं शांतपणे काढला. ओट्यावर आली तेव्हा कुंपणापलीकडे कुणीतरी खाकरलं. गावाला जाग आली होती आणि सकाळच्या जीपला अजून तास होता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

हल्ली कुणी गंमत म्हणून विचारलं, "रुखमाबाई, न्यूयॉर्कले किती वेळ लागते वं?" तर ती चिंचा फोडता फोडता सांगते, "पावणेसोळा तास. येतांना सवा तास कमी. तिकिटावरचं घड्याळ पाहून बोटं मोजू नका, ते आपलं नसते." माणिकराव अजून येतो, काठी ओट्याला टेकवतो, पाय लांब करतो. जुना विनोद त्यानं सोडला. नवा अजून सापडलेला नाही, म्हणून सध्या तो आशाबाईच्या हंड्यावरच्या नागाची चौकशी करतो. आणि रुखमाबाई चहा घेऊन आतून लगेच बाहेर येते.

सोन्याचं म्हणाल तर सोनं नव्हतं. हंडा नव्हता, नाग नव्हता. बुधवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, पूनमचं विमान न्यूयॉर्कला उतरायच्या सव्वानऊ तास आधी, रुखमाबाईनं घर झाडलं होतं. चूक कळल्यावर तिनं केर उकिरड्यावरून उचलून परत घरात आणून टाकला. सुपात चिंचेची टरफलं होती, शिरा होत्या, बिस्किटाचा चुरा होता, एक फाटका कागद होता आणि केसांची एक पिन होती.